महाविद्यालयाचे ग्रंथालय आणि आमचे दान

१९०७ साली मुंबईत एका विद्यार्थ्याचा सत्कार झाला. भीमराव रामजी आंबेडकर हा तरुण मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला होता आणि त्याचे कौतुक करण्यासाठी समाजातील मंडळी एकत्र जमली होती. समारंभाचे अध्यक्षपद सी. के. बोले यांच्याकडे होते. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे मराठी चरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. पुढे एकोणपन्नास वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर जी धम्मक्रांती झाली, तिची अनेक कारणे इतिहासकार सांगतील. परंतु त्या कारणपरंपरेच्या आरंभी एक पुस्तक आहे आणि ते योग्य वयात, योग्य हाती पडलेले आहे, ही गोष्ट आम्हां बौद्धांच्या मनात सदैव जागी राहिली पाहिजे.

सातासमुद्रापलीकडे येऊन स्थिरावलेली आमची कुटुंबे दरवर्षी भीमजयंती, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन भक्तिभावाने साजरे करतात. त्या निमित्ताने मायदेशाकडून मदतीची आवाहने येतात. कुठे पुतळा उभारायचा असतो, कुठे विहाराचे छत घालायचे असते, कुठे सभागृहाला पैसे कमी पडलेले असतात. आम्ही यथाशक्ती देतो आणि देत राहू. या प्रत्येक कार्याला समाजजीवनात स्थान आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या यादीत यापुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला अग्रक्रम मिळावा. आणि हे दान वास्तूला अथवा शिलालेखाला न देता वाचकाला द्यावे. या मताची कारणमीमांसा करण्यासाठी हा लेख आहे.

बाबासाहेब आणि ग्रंथालय

प. पू. बाबासाहेबांच्या चरित्रात ग्रंथालय हे पार्श्वभूमीचे चित्र नाही. ते एक कार्यक्षेत्र आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून १९१६ साली लंडनला गेले आणि १९२० ते १९२३ या काळात पुन्हा लंडनमध्ये राहून त्यांनी आपले अपुरे शिक्षण पूर्ण केले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडताच शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, हा त्यांचा लंडनमधील दिनक्रम सर्व चरित्रकारांनी नोंदवला आहे. खाण्याचे पैसे वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून घेतलेले ग्रंथ ही त्यांची त्या काळातील एकमेव संपत्ती होती. १९१७ साली मायदेशी परतताना त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते, ते जहाज पहिल्या महायुद्धात पाणतीराच्या माऱ्याने बुडाले आणि त्याबरोबर त्यांचा ग्रंथसंग्रहही समुद्रतळाशी गेला. दुसरा एखादा माणूस खचला असता. बाबासाहेबांनी पुन्हा पहिल्या पुस्तकापासून संग्रह सुरू केला. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधताना त्यांनी ग्रंथांचा विचार आधी केला.

याच माणसाने १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना सोयीचे व्हावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली महाविद्यालय निघाले. त्याला बाबासाहेबांनी 'मिलिंद' हे नाव दिले आणि परिसराला 'नागसेनवन'. भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि त्या प्रश्नांना न चिडता उत्तरे देणारा भिक्खू, हा गुरुशिष्यसंवादाचा आदर्श त्यांनी आमच्या मुलांपुढे ठेवला. प्रश्न विचारायला शिकवणारी जागा वर्गाइतकीच ग्रंथालयातही असते, हे सांगण्याची त्यांची ही रीत होती.

बाबासाहेबांच्या वैयक्तिक संग्रहातील अनेक ग्रंथ सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन झाले. त्या ग्रंथांचे मोल केवळ दुर्मिळतेत नाही. वाचता वाचता त्यांनी ओळींखाली केलेल्या खुणा, समासात ओढलेल्या रेषा, एखाद्या परिच्छेदापाशी थांबलेली पेन्सिल यांतून एका महान बुद्धीची वाटचाल दिसते. कोलंबियातील त्यांचे गुरू प्रा. जॉन ड्यूई यांच्या ग्रंथांवरील अशा खुणांचा अभ्यास करून स्कॉट स्ट्राउड या अमेरिकन अभ्यासकाने २०२३ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेतर्फे एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या कपाटातील पुस्तक टिकले, म्हणून टेक्सासमधील एका प्राध्यापकाला बाबासाहेबांच्या लोकशाहीविचाराचे मूळ शोधता आले. ग्रंथ जतन करणे म्हणजे काय, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आज ग्रंथालयाला काय हवे आहे?

आमच्यापैकी अनेकांनी महाराष्ट्रातील अशाच महाविद्यालयांतून शिक्षण घेतले. दाखल नोंदवहीतील शाईच्या ओळी, देवघेवीच्या खिडकीपुढची रांग आणि परीक्षेपूर्वी एकाच पुस्तकासाठी दहा जणांनी केलेली धडपड आम्हांला आठवते. आजचे चित्र बदलले आहे. पुस्तकांची सूची संगणकावर गेली आहे. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध कोणालाही वाचता येतात. १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातून शालेय पुस्तकांपासून संशोधनापर्यंतचे साहित्य मिळते. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली आंतरराष्ट्रीय नियतकालिके उपलब्ध होऊ लागली. तिचा पहिला टप्पा केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांसाठी आहे. 'नॅक'च्या मूल्यांकनातही ग्रंथालयाचे संगणकीकरण, खर्च आणि वापर यांची विचारणा होते. ही प्रगती स्वागतार्ह आहे.

तथापि साधने वाढली म्हणजे वाचक वाढतातच असे नाही. आज अनेक ठिकाणी ग्रंथालयाची अभ्यासिका झाली आहे. राज्यसेवा आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळी आपापली मार्गदर्शके घेऊन येतात, दिवसभर आपल्या जागेवर बसतात आणि रात्री उठून जातात. भिंतीलगतच्या कपाटांना त्यांचा हात लागत नाही. या मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांचे कुटुंब राहत असेल, तर दिवा, पंखा आणि शांतता मिळण्याची ती एकमेव जागा असते. अभ्यासिका हवीच. परंतु महाविद्यालयाने तेवढ्यावर समाधान मानले, तर आम्ही परीक्षा उत्तीर्ण होणारी पिढी घडवू; प्रश्न विचारणारी पिढी घडणार नाही.

म्हणून नव्या पुस्तकांइतकेच नव्या उपक्रमांना महत्त्व आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांचा गाभा असा की, पुस्तक वापरासाठी असते, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक भेटले पाहिजे आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हारतुरे करण्याऐवजी कपाटांची कुलपे काढून मुक्तद्वार पद्धती सुरू केली, तर तो दिवस सार्थकी लागेल. महिन्यातून एकदा महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या खंडांपैकी एकातील एकच प्रकरण घेऊन विद्यार्थ्यांनी त्यावर चर्चा करावी. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांतील अग्रलेख मोठ्याने वाचावेत. नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांची मांडणी प्रवेशद्वारापाशी असावी आणि ज्या विद्यार्थ्याने पुस्तक वाचले, त्यानेच ते इतरांना समजावून सांगावे.

आणखी एक सूचना आम्हांला महत्त्वाची वाटते. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. तेथे खेड्यापाड्यांतील लेखकांनी पदरमोड करून छापलेल्या पुस्तिका, स्थानिक चळवळीचे वृत्तांत, गायनपार्ट्यांची गीतपुस्तके आणि कार्यकर्त्यांची आत्मचरित्रे मिळतात. हे साहित्य मोठ्या विक्रेत्यांच्या यादीत येत नाही. म्हणून महाविद्यालयाच्या नेहमीच्या खरेदीतही येत नाही. वर्षभरात त्यातले बरेचसे नाहीसे होते. ग्रंथपालाच्या हाती त्या दिवसासाठी थोडी स्वतंत्र रक्कम असेल, तर उद्याच्या इतिहासकाराची साधने आज अल्प किमतीत जमा होतील.

'सर्व काही संगणकावर आहे'

या विचारावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो बहुधा आमच्याच तरुण मुलामुलींकडून येतो. ती म्हणतात, आता सारे काही हातातल्या मोबाईलवर मिळते. मग इमारत, कपाटे आणि ग्रंथपाल यांवर पैसा कशाला?

आक्षेपात तथ्य आहे. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचे खंड आज शासकीय संकेतस्थळांवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्या खंडांसाठी एके काळी आम्ही ओळखीच्या माणसांकडे निरोप धाडीत होतो, ते आज क्षणार्धात पडद्यावर उघडतात. परंतु या खंडांचा इतिहास पाहावा. १९७९ साली पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी २००२ साली त्यांचे निधन होईपर्यंत या कामी आयुष्य वेचले. हस्तलिखिते, टंकलिखिते, वृत्तपत्रांची कात्रणे कोणी तरी पेट्यांत, कपाटांत, न्यायालयाच्या ताब्यात सांभाळली होती. म्हणून ती छापता आली. आणि छपाईचे काम रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. पडद्यावर दिसणारे प्रत्येक पान आधी कुठे तरी कागदावर टिकलेले असते. कागद टिकवणारी जागा म्हणजे ग्रंथालय.

दुसरी गोष्ट खरेखोटेपणाची. जयंतीच्या दिवशी आम्हांला मोबाईलवर जी वचने येतात, त्यांतील किती बाबासाहेबांची आणि किती त्यांच्या नावावर खपवलेली, हे कोण सांगणार? मूळ खंड, त्याचे पान आणि त्या वाक्याचा संदर्भ दाखवून देणारा प्रशिक्षित ग्रंथपाल हाच त्यावरचा उपाय आहे. जिथे ग्रंथपालाचे पद रिक्त राहते, तिथे उत्तम संगणकही धूळ खातो. बुद्धाने कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले. तो उपदेश आजच्या काळात आचरायचा तर मूळ ग्रंथापर्यंत जाण्याची वाट मोकळी ठेवावी लागेल.

तिसरी गोष्ट जतनाची. मुंबईच्या दमट हवेत कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, त्याला कसर लागते. अशा ग्रंथांची प्रतिमा काढणे, त्यांना आम्लरहित पेट्यांत ठेवणे, फाटकी पाने जाणत्या हातांनी जोडणे हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. त्याचे उद्घाटन करता येत नाही, त्यावर फीत कापता येत नाही. नेमके म्हणूनच त्याला दाते मिळत नाहीत.

दान कसे द्यावे?

दान पारमितेचे महत्त्व आम्हां बौद्धांना सांगायला नको. परंतु दानालाही प्रज्ञेची जोड लागते. गावी जाताना येथली जुनी पाठ्यपुस्तके पेट्या भरून नेण्याचा अथवा जहाजाने पाठवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. हेतू निर्मळ असतो. परंतु अमेरिकन महाविद्यालयातील दहा वर्षांपूर्वीचे लेखाशास्त्राचे पुस्तक लातूरच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला काय उपयोगाचे? ते तेथे जागा अडवते आणि नाकारणे अवघड म्हणून नोंदवहीत चढते. वाहतुकीचा तोच खर्च ग्रंथपालाच्या हाती दिला, तर त्यातून मराठीतील नवी, हवी असलेली पुस्तके येतील. म्हणून पहिला नियम असा की, आधी ग्रंथपालाला विचारावे. त्याला काय हवे आहे, विद्यार्थी कोणती पुस्तके मागतात आणि कोणती मिळत नाहीत, याची यादी मागवावी.

दुसरा नियम सातत्याचा. एकदाच मोठी रक्कम देऊन नामफलक लावण्यापेक्षा दरवर्षी लहान रक्कम नेमाने देणे ग्रंथालयाला अधिक उपकारक ठरते. नियतकालिकाची वर्गणी दरवर्षी भरावी लागते. संध्याकाळी वाचनकक्ष दोन तास अधिक उघडा ठेवायचा तर मदतनीसाला दरमहा मानधन द्यावे लागते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी ध्वनिपुस्तके आणि वाचून दाखवणारी संगणकप्रणाली घेतली, तर ती सांभाळावी लागते. आमच्या संघटनेतील वीस कुटुंबांनी महिन्यातून एकदा बाहेर जेवण्याचा खर्च वाचवला, तरी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे एखादे काम वर्षभर चालू शकेल.

तिसरा नियम कायद्याचा. ज्यांचे भारतीय नागरिकत्व कायम आहे, त्यांनी आपल्या वैयक्तिक बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. परंतु ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची, तसेच येथे नोंदलेल्या आमच्या संघटनेची देणगी २०१० च्या परकीय योगदान विनियमन कायद्याखाली येते. घेणाऱ्या संस्थेची त्या कायद्यान्वये नोंदणी अथवा पूर्वपरवानगी असावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील नियत खात्यातच जमा करावी लागते. पैसे पाठवण्यापूर्वी याची लेखी विचारणा करावी. आपल्या सदिच्छेपायी मायदेशातील एखाद्या प्राचार्यांना अडचणीत टाकणे हे दान नव्हे. वर्षाअखेरीस कोणती पुस्तके आली, ती किती जणांनी नेली, याचा एक पानी वृत्तांत मागावा आणि तो आमच्या स्मरणिकेत छापावा.

या देशातील ग्रंथालये

मायदेशाचा विचार करताना आम्ही ज्या भूमीवर राहतो तेथील महाविद्यालये विसरून चालणार नाही. कारण आमची मुले तेथे शिकतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लेहमन ग्रंथालयामध्ये बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. तो ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या महासंघाने दिला. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयातही त्यांचा अर्धपुतळा बसवलेला आहे. हे पुतळे ग्रंथालयांत आहेत, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. परंतु पुतळा पाहून थबकलेल्या विद्यार्थ्याने शेजारच्या कपाटाकडे वळावे आणि तेथे त्याला वाचायला काही मिळावे, ही पुढची पायरी आहे.

ती पायरी चढणे अवघड नाही. अमेरिकन विद्यापीठांत मराठी पुस्तकांची परंपरा जुनी आहे. रेशनवर मिळालेला पीएल-४८० चा अमेरिकन गहू आमच्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या धान्यापोटी भारतात रुपयांत जमा झालेल्या रकमेतून १९६२ सालापासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून येथील विद्यापीठांना पुरवली. म्हणून शिकागोसारख्या ठिकाणी मराठी ग्रंथांची कपाटेच्या कपाटे उभी आहेत. परंतु लहान महाविद्यालयांत तसे नाही. तेथे विद्यार्थ्याने पुस्तकाची मागणी नोंदवली, तर ग्रंथपाल तिचा विचार करतात, अथवा दुसऱ्या ग्रंथालयातून ते मागवून देतात. आमच्या प्रत्येक महाविद्यालयीन मुलाने आणि मुलीने वर्षातून दोन मागण्या नोंदवाव्यात, असा परिपाठ घरोघर पडावा.

मागणी कशाची करावी? ज्या मुलांना मराठी लिपी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी भाषांतरे आहेत. दया पवार यांच्या 'बलुतं'चे जेरी पिंटो यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१५ साली आले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' ही दोन्ही माया पंडित यांनी इंग्रजीत नेली. वसंत मून यांच्या 'वस्ती'चे भाषांतर गेल ऑम्व्हेट यांनी केले. मूळ मराठी आणि इंग्रजी भाषांतर अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी असाव्यात. आजोबांनी मराठी पान वाचावे, नातीने इंग्रजी वाचावे, आणि मग 'बलुतं म्हणजे काय?' असा प्रश्न तिने विचारावा. या एका प्रश्नाने जे शिकवले जाईल, ते रविवारच्या दहा वर्गांनी शिकवता येणार नाही.

यात केवळ संस्कृतिरक्षणाचा प्रश्न नाही. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला आणि या देशातील महाविद्यालयांत जातीची चर्चा उघडपणे सुरू झाली. जात येथे नाहीच, असे म्हणणारेही पुढे आले. अशा वेळी आमच्या मुलाला वर्गात उभे राहून बोलायचे असेल, तर त्याच्या हाती पुरावा हवा, आणि तो त्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळायला हवा.

ग्रंथालय काय सांभाळून ठेवते, याचे एक उदाहरण आम्हांला सतत प्रेरणा देते. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी ३१ जुलै रोजी त्यांना उत्तर दिले. दोन शोषित समाजांना जोडणारा हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील ग्रंथालयात जपलेला आहे आणि आज कोणालाही पाहता येतो. कोणी तरी तो कागद टाकून दिला असता, तर या नात्याचा हा अस्सल दुवा आपल्याला पारखा झाला असता.

आमच्या घरातील पेट्या

आता आमच्या स्वतःच्या कागदांकडे वळावे लागेल. आमच्या पिढीतील कित्येक घरांच्या तळघरांत आणि गॅरेजमध्ये पेट्या आहेत. त्यांत पहिल्या बुद्धजयंतीची हस्तलिखित निमंत्रणे आहेत, सभांची इतिवृत्ते आहेत, जुन्या स्मरणिका आहेत, वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांच्या गीतांच्या ध्वनिफिती आहेत, आणि येथे जातीमुळे सोसलेल्या प्रसंगांची पत्रे आहेत. आमच्या मुलांना या पेट्यांतील लिपी वाचता येत नाही. आम्ही गेल्यावर घर विकताना या पेट्यांचे काय होईल, याची कल्पना प्रत्येकाने मनाशी करून पाहावी.

मायदेशातही ही वेळ येऊन गेली आहे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास लिहिण्यासाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना त्या स्त्रियांची घरे शोधत हिंडावे लागले. कागदोपत्री नोंदी अपुऱ्या होत्या. म्हातारपणाकडे झुकलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती हेच मोठे साधन होते. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध झाला. तो काही वर्षे लांबता, तर त्यातले अनेक आवाज कायमचे मिटले असते.

धम्माच्या इतिहासातही असाच एक क्षण आहे. भगवान बुद्धांची वचने भिक्खूसंघाने कित्येक शतके मुखोद्गत ठेवली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात राजा वट्टगामणीच्या काळी दुष्काळ आणि युद्ध यांनी थैमान घातले. ज्यांच्या कंठात धम्म होता, असे स्थविर एकामागून एक मृत्यू पावू लागले. तेव्हा उरलेल्या भिक्खूंनी आलुविहार येथे जमून त्रिपिटक प्रथमच ताडपत्रांवर लिहून काढले, असे परंपरा सांगते. स्मरण करणारे नाहीसे होण्यापूर्वी त्यांनी ग्रंथ सिद्ध केला. आज आम्ही आणि आमच्या मुलांच्या हाती धम्म आहे, तो त्या निर्णयामुळे.

आमच्या पिढीपुढे आज तोच प्रश्न लहान प्रमाणात उभा आहे. तेव्हा आमची नम्र सूचना अशी. संघटनेने या वर्षी दोन-तीन जाणत्या उपासक-उपासिकांची एक ग्रंथालय समिती नेमावी. तिने मायदेशातील एक महाविद्यालय निवडून तेथील ग्रंथपालाशी पत्रव्यवहार सुरू करावा. तिने आमच्या आजवरच्या सर्व स्मरणिका एकत्र करून त्यांची प्रतिमा काढावी. एक संच मायदेशातील त्या महाविद्यालयाला आणि एक संच येथील जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावा. ज्येष्ठांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात. या कामाला मोठे भांडवल लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि आमच्या ज्येष्ठांचा विचार करता तो आमच्या हाती फार उरलेला नाही.

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतील पहिला शब्द शिक्षणाचा आहे. त्या शब्दाचा मान राखायचा असेल, तर ही स्मरणिका हातात असतानाच प्रत्येक कुटुंबाने आपल्या पेट्यांतील कागदांची एक साधी यादी करून समितीकडे द्यावी, आणि पुढील जयंतीपूर्वी पहिला संच ग्रंथालयात पोहोचावा. त्या संचाच्या दाखल क्रमांकाची नोंद आम्ही पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अभिमानाने छापू.

नमो बुद्धाय! जय भीम!